जाईनं तोंड मिटलं तेव्हा

कॅनडात विनिपेगमधल्या मराठी घरांतली निम्मी पोरं अरुणाताईंच्या बेसमेंटमध्ये सा लावायला शिकली आणि हॉकी सुरू झाल्यावर विसरली. टिकली एकटी जाई. आईवडील दोघंही नोकरीवर, म्हणून शाळा सुटली की पोर थेट इथेच यायची, धिरडी खायची आणि गायला बसायची. आवाज असा की वर अरुणाताईंचे यजमान विलासराव बातम्या बंद करून ऐकायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. जाई त्यांचीच, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

आणि याच कार्टीनं कॉलेजात गेल्यावर तानपुरा सोडून गिटार धरली! काउबॉय बूट घालून गावोगावच्या जत्रांमध्ये कंट्री गाणी गाऊ लागली. अरुणाताईंनी चांगला अबोला धरला. पण तिचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा ग्रोसरीच्या रांगेत याच बाईंनी पुढच्या अनोळखी गोऱ्याचा दंड हलवून सांगितलं, "माय स्टुडंट!" मग पॉपचा अल्बम आला, अमेरिकेचे दौरे आले, सिटी बसच्या पाठीवर जाईचा चेहरा आला. फोन मात्र बंद झाले. "मावशी, सो बिझी," एवढाच मेसेज यायचा.

२०११च्या हिवाळ्यात तिचा विनिपेगलाच कार्यक्रम ठरला. पहिल्या रांगेची तिकिटं घरी आली. अरुणाताई पैठणीवर बर्फातला जाडजूड पार्का कोट चढवून गेल्या. जाई स्टेजवर आली आणि अख्खं अरीना किंचाळलं. दोन गाणी झाली. तिसऱ्यात वरचा सूर लागला आणि अरुणाताई पुढे झुकून निरखू लागल्या. सूर तर हॉलभर घुमतोय, पण पोरीची छाती भरत नाही, गळ्याची शीर ताणत नाही. अगं बाई, ही गातच नाहीये!

"अहो, आवाज रेकॉर्डवरचा आहे. ही नुसती तोंड हलवतेय!"

"हल्ली करतात तसं. तू गप्प बस," विलासराव पुटपुटले.

गप्प बसतील तर त्या अरुणाताई कसल्या! क्लासमध्ये सूर खोटा लागला की त्या बोलायच्या नाहीत, पेटीवरचा हात उचलून नुसता तळवा दाखवायच्या. गाणारा जागच्या जागी थांबायचा. तोच हात आत्ता त्यांच्याही नकळत वर गेला.

जाईची नजर नेमकी खाली आली, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिनं झटकन तोंड मिटलं.

गाणं चालूच राहिलं. तिच्याच आवाजात, तिच्याशिवाय! मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तिचे मिटलेले ओठ सगळ्यांना दिसत होते. आधी कुणीतरी हसलं, मग एकच हुर्यो उठली. दिवे गेले.

"काय करून बसले हो मी? पोरीचं वाटोळं केलं!" अरुणाताई उठून स्टेजमागे धावल्या. सिक्युरिटीवाल्याशी अक्षरशः भांडून त्या आत पोचल्या. मॅनेजर फोनवर ओरडत होता, जाई आरशासमोर, घशाच्या औषधांच्या बाटल्यांच्या गर्दीत बसली होती, काजळ गालावर ओघळलेलं. खोटं का गायलीस, हे विचारायची आता अरुणाताईंची छाती नव्हती. बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

"ओरड गं माझ्यावर. हवं ते बोल."

जाईनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिनं पुन्हा जोर लावला, मान लाल झाली, पण साधं 'मावशी'सुद्धा फुटेना. शेवटी तिनं अरुणाताईंचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा एकदा प्रयत्न केला.

बोटांखाली काहीच थरथरलं नाही.