झरा दाखवणारा

आमचं घर एका खोलीचं, पत्र्याचं. बाप दिवसभर खडी फोडायचा अन् घरी आला की खोकत बसायचा. म्हणून एम.ए.चा अभ्यास मी धारूरच्या माळावर करायचो. तिथं एक मेंढपाळ रोज भेटायचा. मानेमागं आडव्या काठीवर दोन्ही हात टाकून उभा राहायचा, भाकर मोडून अर्धी मला द्यायचा.

"वाच बे मास्तर मोठ्यानं, मेंढरंबी शिकतील."

एकदा ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाचं त्याला वाचून दाखवलं. इंग्रजांच्या कैदेतून पळालेले कैदी किनाऱ्यावर उपाशी मरत होते. तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना मासे खाऊ घातले. मागून किनारा मोजणारी जहाजं आली, त्यांनाही गोडं पाणी दाखवलं. मग त्या लोकांची जमीनच गेली.

तो हसला नाही. पवनचक्कीवाल्यांनी माळ मोजून रोवलेल्या खुंट्यांकडं बघत म्हणाला, "ह्यान्ला झरा मीच दाखिवला. चहाबी पाजला. लई गोड बोलत व्हते."

"तहसीलात अर्ज करू," मी म्हणालो.

"सातबाऱ्यावर माझं नाव हाय का बे? आमी निस्तं चारतो."

उन्हाळ्यात झऱ्याभोवती तारेचं कुंपण पडलं. मेंढरं दुसरीकडं गेली, तोही गेला. मी इतिहासात एम.ए. झालो. आमच्या घराण्यात एवढं शिकलेला मीच पहिला.