बाबांची शिकवणी
ओल्या पाटीचा वास आला की साठच्या दशकातलं बंगलोरचं आमचं भाड्याचं घर आठवतं. शेजारच्या अक्कांकडे कॉफीचं बी भाजत असायचं आणि पडवीतल्या कोवळ्या उन्हात आई बाबांना शिकवायला बसायची. कारखान्यात इंजिनियर असलेल्या बाबांची वाचा पक्षाघाताने गेली होती. बाजारात रोज कानावर पडणारा 'सरी', म्हणजे 'बरं', हा एकच कानडी शब्द का कोण जाणे उरला होता. आई पाटीवर चित्र काढायची, शब्द म्हणायची, पुसून पुन्हा काढायची. महिन्याभराने बाबा कसेबसे "चहा" म्हणाले, तेव्हा ती रडली. मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुटीत घरी आले आणि बाबांच्या कपाळावरचा घाम पाहून म्हणाले, "आई, मेंदूच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. उगाच दमवू नकोस त्यांना." "पण चहा म्हणाले ना गं?" "योगायोग तो." माझ्या शिक्षणावर तिचा फार विश्वास. तिने पाटी फळीवर ठेवून दिली. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सरी." त्यानंतर ते चार वर्षं जगले, पण नवा शब्द आला नाही. पुढे मीच प्राध्यापक होऊन वर्गात शिकवलं, की सरावाने मेंदूत पेशींना पोसणारी द्रव्यं वाढतात आणि उरलेल्या पेशी एकमेकींशी नव्याने जोडल्या जातात. आई तेव्हा माझ्याजवळच राहायची. संध्याकाळी विचारायची, "आज काय शिकवलंस गं?" मी काहीतरी भलतंच सांगायचे.