दमयंतीची गॅरंटी

दिवाळे गावची मासळीवाली दमयंती गिऱ्हाइकाला कधी ‘घ्या’ म्हणत नाही. पापलेटचा कल्ला अंगठ्यानं उचकटते, आतला लालभडक रंग उजेडात धरते आणि म्हणते, “बग. मंग बोल.” हातच्या कांकणाला आरसा कशाला? बेलापूरच्या बाजारात तिच्या पाटीपुढे शंका घेऊन आलेलं माणूस मासळी घेऊनच गेलं. अख्खं आयुष्य तिनं हेच केलं, त्यामुळे तिची एक पक्की समजूत होती. कुणाला शंका आली की दाखवावं, म्हणजे शंका फिटते. या समजुतीनं तिचं घर चाललं, आणि याच समजुतीनं घरात घोळ घातला.

घोळ होता तिच्या मुलाच्या नाकाचा. प्रणय रबाळ्याला एका कंपनीत मशीनवर होता. नाक चारचौघांसारखं. पण ते डावीकडे वाकलंय आणि समोरचा माणूस बोलताना तेवढंच बघतो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. संध्याकाळी आई पाटी उतरवायच्या आत तो दारात उभा.

“आये, बग ना. वाकलाय ना?”

दमयंती हात धुवायची, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवायची, अगदी मासळी दाखवताना फिरवते तसं. “सरळ हाय. माजी गॅरंटी.”

प्रणयचा जीव भांड्यात पडायचा. चहा संपेपर्यंत. मग पुन्हा, “नीट बगितलास ना?”

आधी कधीतरी, मग रोज, मग कामावर जाताना, मग कंपनीच्या संडासातून फोन. बाजारात ऐन गर्दीत तो स्वतःचे फोटो पाठवायचा आणि ही बाई कोलंबीच्या हातांनी मोबाईल उघडून ‘सरळ हाय’ असं बोलून पाठवायची. गिऱ्हाईक ताटकळायचं. तिला त्याचं काही नाही, उलट आतून थोडा अभिमानच वाटायचा. पोराला शांत करणं फक्त आपल्यालाच जमतं!

जमत काही नव्हतं. करोना गेला, लोकांचे मास्क गेले, प्रणयचा राहिला. कँटीनमध्ये मास्क काढावा लागतो म्हणून तो उपाशी राहू लागला, आणि एक दिवस कामावर गेलाच नाही. नवऱ्यानं, बाळारामनं, कपाटाच्या आरशाला चादर बांधली, तर पोरगा ताटात तोंड बघू लागला, बाइकच्या आरशात बघू लागला. “पोरीवानी काय नटतं?” म्हणून बाळाराम ओरडायचा. नटण्याचा यात काय संबंध? नटणाऱ्याला आरशात मजा येते, हा आरशापुढून रडवेला होऊन उठायचा. दमयंतीनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. प्रणयची काकू म्हणाली, लग्न लावून दे, सुधरेल. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं?

मग एका दुपारी प्रणय बहिणीला, भाग्यश्रीला, म्हणाला, “हे तोंड घेऊन जगन्यात काय अर्थ नाय.” भाग्यश्रीनं ते आईला सांगितलं. त्या दिवशी दमयंतीनं भरली पाटी शेजारच्या राजश्रीकडे दिली आणि उंबऱ्यातच बसून राहिली.

प्रणयला नाकाचं ऑपरेशन हवं होतं. सर्जनांनी तपासून साफ नकार दिला. नाक कापून हा त्रास जाणार नाही, उद्या हनुवटीवर बसेल, म्हणाले, आणि जुईनगरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. प्रणय चिडला. भाग्यश्रीनं हात धरून नेलं म्हणून गेला.

डॉक्टर क्षिप्रा वयानं लहान, बोलायला मऊ. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. दमयंतीच्या तोंडात ते मावेना. पण पुढचं कळलं. हे नखरे नाहीत. दुसऱ्याला न दिसणाऱ्या नाहीतर क्षुल्लक उणिवेवर मन अडकतं, आणि ती त्याला खरोखर तशीच दिसते. यावर गोळ्या आहेत, बोलण्याचे उपचार आहेत, बरं वाटतं. मरणाचा विचार आला तर लपवायचा नाही, लगेच सांगायचं. मग त्यांनी विचारलं, “तो विचारतो तेव्हा तुम्ही काय करता, काकी?”

दमयंतीनं तोऱ्यात सगळं सांगितलं. हनुवटी, उजेड, गॅरंटी.

“काकी, तुमचं गिऱ्हाईक कल्ला बघून मासळी घरी नेतं,” डॉक्टर म्हणाल्या. “हा नेत नाही. परत बघायलाच येतो. तुमच्या ‘सरळ’नं थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून पुन्हा विचारावं लागतं. आता सरळही म्हणायचं नाही, वाकडंही नाही. छान दिसतोस, हेसुद्धा नाही.”

“म्हंजे मी त्याला जहर पाजत होते?”

“प्रेमच करत होतात. सगळ्या घरांत असंच होतं.”

फार लागलं होतं तिला.

पुढचे दिवस कुणावर येऊ नयेत. आई आता उत्तर देणार नाही, हे प्रणयनं डॉक्टरांपुढे कबूल केलं होतं, पण संध्याकाळ झाली की तो मागे मागे फिरायचा, विनवायचा, दार आपटायचा. ही म्हणायची, “ते आजार इचारतंय. मी नाय सांगनार. पन बस माज्याजवल.” आणि सुकत घातलेले बोंबील उगाच पुन्हा पुन्हा उलटायची. एकदा कंटाळून तोंडातून निघून गेलं, “सरळ हाय रे बाबा!” तेवढ्यावर तो हसला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं उसंत दिली नाही. गोळ्यांचंही पी हळद नि हो गोरी असं नव्हतं, आठवडे गेले. डॉक्टरांनी दिलेला अभ्यास तो रडतखडत करायचा. मास्कशिवाय जेट्टीपर्यंत जायचं, टपरीवर वडापाव खायचा, परतताना कुठल्याही काचेत बघायचं नाही. काही दिवस अर्ध्यातूनच परत यायचा.

तशात भाग्यश्रीचं लग्न. तिनं बजावलं, “कानपिळीला तूच. दुसरा कोनी आला तर नवऱ्याचा कान मीच पिळीन.” नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, साऱ्या मांडवासमोर, व्हिडिओवाल्याच्या झगझगीत दिव्यात. म्हणजे सगळे डोळे तोंडावर.

लग्नाच्या दिवशी फेटा बांधून, तोंडावर मास्क लावून प्रणय मांडवामागे तांदळाच्या पोत्यांपाशी बसला होता. दमयंती शोधत आली.

“आये, एकदाच. फक्त आज. सांग आनि मी जातो.”

तिचा हात आपोआप त्याच्या हनुवटीकडे गेला. एक शब्द, फक्त एक, आणि पोरगा उठला असता. भाग्यश्रीची हौस पुरी झाली असती, गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती. आणि उद्या सकाळी? तिनं हात मागे घेतला आणि पोत्यावर त्याच्या शेजारी बसली.

“मी हितंच हाय.”

“मंग मी नाय जात.”

“नको जाव. मी हितंच हाय.”

बाहेर भटजींनी नवरीच्या भावाला हाक दिली. चुलतभाऊ प्रितेश बाह्या सरसावून पुढे झालेला तिला कनातीच्या फटीतून दिसला. तिला रडू आलं, पण ती हलली नाही. बाजूला काहीतरी सरकलं. प्रणय उठला होता. मास्क खाली ओढला, पुन्हा वर घेतला, मग काढून खिशात कोंबला आणि मान खाली घालून निघाला.

कान त्यानं असा पिळला की नवरदेव कळवळला आणि मांडव हसला. प्रणयचा हात दोनदा नाकाकडे गेला. बरा झाला वगैरे काही नव्हता तो. घामाघूम होऊन परत आला आणि आईपुढे उभा राहिला. ती वाट बघत राहिली. त्यानं विचारलं नाही.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तांबडा फेटा, लाल झालेलं तोंड, बापासारखे डोळे. कसा राजासारखा दिसत होता! कुठलीही आई पोराला उठता-बसता म्हणते ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

“जेवतोस?” तिनं विचारलं.

“पंगतीत वाढ,” प्रणय म्हणाला, आणि लोकांच्या मधोमध जाऊन पानावर बसला.