बिबवेवाडीची तिरकस जीभ

रविवारचं शब्दकोडं सोडवणाऱ्या आम्हा लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. नाव 'आडवे-उभे'. नाव दत्तप्रसादांनी ठेवलं आणि ग्रुपही त्यांचाच. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी जमवायचं असतं, त्यांनी आम्हाला जमवलं. नियम एकच, दुपारी बाराच्या आत उत्तर फोडायचं नाही. तोवर फक्त प्रतिक्रिया. कोडं कसं वाटलं, कुठे अडलं, रचणाऱ्याला दोन शब्द ऐकवायचे असतील तर ते. पुण्यातल्या माणसाला कुणी सांगितलं की उत्तर देऊ नका, नुसतं मत द्या, तर त्याला आणखी काय हवं?

मी कोथरूडला दहावीच्या गणिताचे क्लास घेते. शनिवारी सगळ्या बॅचेस संपवून घरी आले की मला माणूस म्हणून नको असतो. रविवारी सकाळी चहा, पुरवणी आणि पेन, एवढ्यावर माझं भागतं. तरी त्या ग्रुपात मी टिकून राहिले ते एका माणसामुळे, आणि तो माणूस मला मुळीच आवडत नव्हता.

महिपती इंगळे, बिबवेवाडी. फोटोत गळ्यात निरोप समारंभाचा हार, चेहरा गरीब गायीचा. आणि लिहिणं? "कोडं रचणाऱ्याने रचताना डुलकी काढली, आम्ही सोडवताना काढली. फिट्टंफाट." मी एकदा लिहिलं की सहा उभा फार सुंदर होता, तर लगेच खाली, "सुंदर म्हणजे तुम्हाला आलेला, ना मॅडम?" असं बोलणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढते. इथे ती सोय नव्हती, म्हणून मी उलट लिहायचे. मग तेही लिहायचे. आमची जुंपली की दत्तप्रसाद मधे हात जोडलेली चित्रं टाकत बसायचे.

"रुपालीताई, प्रत्यक्षात फार मवाळ आहेत हो ते," दत्तप्रसाद मला एकदा म्हणाले. बऱ्याच वर्षांपूर्वी ते इंगळ्यांना भेटले होते म्हणे. मी म्हटलं, मवाळ माणसंच फोनवर वाघ होतात.

दिवाळीच्या आदल्या रविवारी पुरवणीत दरवर्षीसारखं खास दिवाळीचं कोडं आलं. चारही कोपऱ्यांत पणत्या काढलेल्या आणि शब्द सगळे सणाचे, अनारशांपासून आकाशकंदिलापर्यंत. ग्रुपवर सकाळपासून नुसता कौतुकाचा पाऊस. कुणाला बालपण आठवलं, कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं. मी लिहिलं, "चौथीच्या पोरालाही सुटेल." त्यावर महिपतराव आले. "हे कोडं नव्हे, वाण्याची यादी आहे. सोडवता सोडवता हात पिशवीकडे गेला." सगळे हसले. मीही हसले, पण ते ग्रुपवर कळवायचं कारण नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांचा दुसरा मेसेज आला. "बारा आडवा. 'दिवाळीच्या पहाटेचं सुखाचं स्नान.' सुख कुणाला? रचणाऱ्याने जन्मात दुसऱ्या कुणाला आंघोळ घातलेली दिसत नाही."

मला आयतं सापडलं. मी लिहिलं, "महिपतराव, तुम्हाला कोण घालतं? बायकोच ना? मग तक्रार तिला करू द्या की." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एरवी त्यांचं उत्तर मिनिटभरात यायचं. त्या दिवशी बराच वेळ आलं नाही, आणि आलं ते एवढंच, "बरोबर आहे. तिला सांगतो."

मी जिंकले असं धरून चालले होते. चहासुद्धा त्या दिवशी बरा लागला.

त्यातच दत्तप्रसादांच्या डोक्यात सत्काराचं आलं. आपल्याकडे ते कुणाच्याही डोक्यात कधीही येऊ शकतं. वर्षातल्या सर्वोत्तम प्रतिक्रियांसाठी महिपतराव इंगळे यांना शाल आणि श्रीफळ. महिपतरावांनी कळवलं, "शाल नको. थंडी राहिली आहे कुठे पुण्यात?" हे दत्तप्रसादांना विनय वाटलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी झेंडू आणायला मार्केट यार्डात जाणार होते, कारण कोथरूडच्या फुलवाल्याशी माझं वाजलेलं आहे. बिबवेवाडी तिथून जवळच, म्हणून ते ऐकून दत्तप्रसाद माझ्या स्कूटरवर मागे बसले. मांडीवर शाल, शालीत नारळ. न कळवता जाऊ, गंमत येईल, हा बेतही त्यांचाच.

बिबवेवाडीत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. बेल वाजवली, तर आधी आतून वरची कडी निघाली, मग मधली, मग खालची. दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका बाईंनी. पदर खोचलेला, कोपरापर्यंत उटणं, साडी गुडघ्याखाली ओलीचिंब. त्यांच्या मागून पुरुषाचा आवाज आला, "बस आली का?"

"आज नाही यायची. सुट्टी आहे," बाई मागे न बघता म्हणाल्या. हे वाक्य त्या सकाळपासून म्हणत असणार, आणि काल, परवाही म्हटलं असणार, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

दत्तप्रसादांनी ओळख करून दिली. बाईंचा चेहरा उतरला. पण सणाच्या दिवशी दारातून कुणाला परत कसं पाठवणार? त्यांनी आम्हाला बसवलं, आत जाऊन नवऱ्याचं अंग पुसलं, सदरा घातला, केसांवरून कंगवा फिरवला आणि हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं. द्वारकाबाई त्यांचं नाव. खुर्चीत बसलेले ते महिपतराव. फोटोतलाच चेहरा, फक्त आतला माणूस कुठेतरी निघून गेल्यासारखा.

दत्तप्रसादांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "महिपतराव, आपल्या लेखणीची धार..."

महिपतरावांनी नारळ वळवून बघितला. मग फार अदबीने विचारलं, "लग्न कोणाचं आहे?" आणि उठायला लागले. "मला निघायला पाहिजे. बस चुकेल."

दत्तप्रसादांचं भाषण तिथेच राहिलं. त्यांचे डोळे भरून आले, मनाने चांगला माणूस आहे तो. मी कुठे बघावं हे न कळून ओट्याकडे बघितलं. तिथे निवडायची मेथी होती आणि मेथीखाली रविवारची पुरवणी. कोडं पूर्ण सोडवलेलं, त्यावर हळदीचं बोट उमटलेलं. बारा आडव्यावरचं माझं वाक्य आठवून माझी कानशिलं तापली.

"मॅडम म्हणजे तुम्हीच ना? कोथरूडच्या?" द्वारकाबाईंनी विचारलं. मी मान हलवली.

"मीच लिहिते ते," त्या म्हणाल्या. खोटं बोलायचंही त्राण उरलेलं नसलं की माणूस असं सरळ सांगून टाकतो.

मग ऐकलं ते सगळं. लग्न होऊन त्या वाशिमकडून इथे आल्या. नवरा हडपसरला कारखान्यात, कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर यायची. त्या घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या. रविवारी महिपतराव कोडं मोठ्याने वाचायचे, त्या भाजी निवडता निवडता शब्द सांगायच्या, ते सुबक अक्षरात चौकटी भरायचे. ग्रुप झाल्यावर ते दर रविवारी लिहायचे, "कोडे आवडले. आभारी आहे." पुढे विसरायला लागले. आधी दुकानाचा रस्ता, मग घराचा, मग मुलीचं नाव. मुलगी संस्कृती बंगळूरला असते, रोज फोन करते. "फोनवरून आंघोळ घालता येत नाही," एवढंच द्वारकाबाई त्याबद्दल म्हणाल्या. एका रविवारी ग्रुपवर विचारणा झाली, महिपतराव कुठे आहेत? लोकांनी घरी येऊन चौकशा करू नयेत म्हणून त्यांनीच फोन उचलला आणि त्यांच्या नावाने काहीतरी लिहिलं.

"पण ते तिरकस बोलणं?" दत्तप्रसादांनी विचारलं. "ते महिपतरावांचंच ना?"

"ते?" द्वारकाबाई म्हणाल्या. "जन्मात कुणाला वाकडं बोलले नाहीत ते. ते सगळं माझं."

त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. बसल्या तर पुन्हा उठवणार नाही, असं काहीसं म्हणाल्या. "मी थकले, मॅडम. चिडायचं कुणावर? यांच्यावर ओरडले तर तोंड एवढंसं करून बसतात, का ओरडले ते त्यांना कळत नाही, मग मलाच रडू येतं. पोरीवर चिडले तर ती तिकडे रजा टाकते. शेजारी म्हणतात, काय सोसता हो, धन्य आहात. धन्य म्हटल्यावर पुढे काय बोलणार? रविवारचा तेवढा एक तास मी कुणाची कुणी नसते. वाट्टेल ते बोलते. तुम्ही उलट बोलता. मला आठवडाभर पुरतं."

दोन वर्षं मी या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि तिला तेच हवं होतं.

"एवढं करा, ग्रुपवर सांगू नका," त्या निघताना म्हणाल्या. "कळलं की सगळे वहिनी म्हणतील. वहिनीशी कोण भांडतं?"

आम्ही दोघांनी शब्द दिला. पण दत्तप्रसादांच्या पोटात काही राहत नाही. पाडव्याला सकाळी उठून बघते, तर ग्रुपवर त्यांचा भला मोठा लेख. एका माउलीची तपश्चर्या, आपण सर्व नतमस्तक, वगैरे वगैरे. मी फोन करून त्यांना वाट्टेल तसं बोलले. ते म्हणाले, "अहो, मला रात्रभर राहवेना. लोकांना कळायला नको का केवढी बाई आहे ती?" त्यांना खरंच वाटत होतं की आपण पुण्य केलं.

पुढच्या रविवारी कोडं आलं, पण कोड्याबद्दल कुणी बोलेना. वहिनी, सलाम. वहिनी, तुमच्यापुढे आम्ही काय. कुणी ब्राह्मीच्या काढ्याची माहिती पाठवली, कुणी डॉक्टरांचे नंबर, कुणी नामस्मरणाचं ध्वनिमुद्रण. माझी बोटं शिवशिवत होती, पण मीही गप्प बसले. सांगू का, मलाही धीर झाला नाही. तिचं काय चाललंय ते डोळ्यांनी बघून आल्यावर तिला टोमणा कसा मारायचा? उशिरा कधीतरी द्वारकाबाईंचं उत्तर आलं, सगळ्यांचे आभार, कोडं छान होतं. खाली जोडलेले हात.

त्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी आडवी झाले, पण झोप लागेना. मला तिची कीव येत होती आणि त्या किवेचाच राग येत होता. एवढ्या मोठ्या शहरात त्या बाईला भांडायला एक जागा होती, ती आम्ही शाल-श्रीफळ देऊन काढून घेतली.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कोडं त्या दिवशी खरोखर भिकार होतं, नऊ उभा तर उघड उघड चुकलेला होता, आणि द्वारकाबाईंनी लिहिलं, "छान होतं. सर्वांना नमस्कार." मी चहाचा कप खाली ठेवला आणि लिहिलं, "द्वारकाबाई, नऊ उभा तुम्हाला आलेला दिसत नाही. म्हणूनच कोडं छान वाटलं असेल."

ग्रुप माझ्यावर तुटून पडला. थोडी तरी माणुसकी ठेवा. शिक्षिका ना तुम्ही? दत्तप्रसादांनी लिहिलं, "रुपालीताई, कृपया शब्द मागे घ्यावेत." एकाने मला ग्रुपमधून काढायची सूचना केली. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. फोन पालथा घालून ठेवला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा घातला. बारा वाजून गेले, लोकांनी उत्तरं टाकली, बिबवेवाडीहून चकार शब्द नाही. आपण भलतंच करून बसलो, असं वाटून माझी जेवणावरची वासनाच उडाली.

दुपारी कधीतरी फोन वाजला. महिपतरावांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी आता नाव बदललेलं होतं, द्वारका इंगळे. "नऊ उभा मी मेथी निवडताना सोडवला. तो चुकलेला आहे, हे कळायला पूर्ण कोडं यावं लागतं. मॅडम, तुम्ही गणित शिकवता म्हणे. पोरं पास होतात का?"

आणि लगेच खाली, "दत्तप्रसादभाऊ, माझ्या वतीने कुणी काही मागे घ्यायला सांगू नका. आणि काढा ज्यांनी पाठवला, त्यांनी आधी स्वतः पिऊन दाखवावा."

खरं सांगते, मला लागलं. यंदा माझ्याकडची तीन पोरं गणितात गेली होती आणि तो घाव ताजा होता. तरी मी उठून बसले, चष्मा घातला आणि लिहायला घेतलं, "पोरं पास होतात. ज्यांना मेथी निवडून झाल्यावर वेळ उरतो, ती होतात." तिने उलट टोमणा टाकला. मी त्याहून तिखट टाकला. बाकीचे एकेक करत गप्प झाले, दत्तप्रसादांनी जोडलेले हात टाकणंसुद्धा बंद केलं. एरवी चारला मी बॅचच्या वह्या तपासायला घेते, त्या तशाच पडून राहिल्या.

उन्हं कलली तेव्हा मधेच तिचं लिहिणं थांबलं. मी फोन हातात धरून वाट बघत होते. मग मेसेज आला, "थांबा जरा. यांना दोन घास भरवून येते. माझं अजून संपलेलं नाही."