ओनेलियाचे टाके

ओनेलिया झांब्रीनीच्या उजव्या हाताचा अंगठा सकाळी अर्धा तास वळत नसे. कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, चार शिव्या घालाव्यात, तेव्हा कुठे तो जागा होई. शिव्या अंगठ्याला नसत. इटलीतल्या मोंतेग्यारा गावातल्या झाडून साऱ्या सायकलवाल्यांना असत, आणि त्यातही जे जुन्या सायकली कवटाळून बसले होते त्यांना जरा जास्त.

शर्यतीच्या जुन्या सायकलीचं टायर म्हणजे एक शिवलेली सुती नळीच. आत पातळ ट्यूब, वर रबराचा थर, पोटाशी गोल फिरत गेलेली शिवण, आणि ते सगळं रिमला सोल्युशननं चिकटवलेलं. पंक्चर झालं की पोटावरची पट्टी सोलायची, चार बोटं शिवण उसवायची, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावायचं, ट्यूब चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची आणि मेणवलेल्या लिननच्या दोऱ्यानं जुन्याच भोकांतून परत टाके घालायचे. नवं भोक पाडलं तर कापड फाटतं. टाका जास्त ओढला तर चाक उड्या मारतं, ढिला राहिला तर टायरला गळू आल्यासारखा फुगवटा येतो. एका टायरला दीड तास लागतो. ओनेलिया हे अठ्ठेचाळीस वर्षं करत होती आणि तिला त्याचा वीट आला होता.

ती यात पडली नवऱ्यामुळे. दारिओ दर रविवारी हौशी शर्यतींत पळायचा, शंभरात सत्तरावा यायचा आणि आठवड्याला दोन टायरं फोडायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं वैतागून सुई हातात घेतली. मग दारिओचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. पुढे बिनशिवणीची टायरं निघाली, दुकानात जावं आणि घेऊन यावं अशी, आणि तिच्याकडचं काम आटत गेलं. गावाला वाटलं, बाईचं वाईट झालं. बाईनं सुया डब्यात घातल्या, डबा कपाटावर टाकला आणि तीन हिवाळे दुपारची झोप काढली. आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं लग्नाचे सांगितले नसते, त्या तीन हिवाळ्यांचे सांगितले असते.

मग ही जुन्या सायकलींची टूम निघाली. तिचा म्होरक्या वास्को. त्याचं औषधांचं दुकान, म्हणून गाव त्याला डॉक्टर म्हणे. चाळिशीपर्यंत त्याला सायकलीचं वेड नव्हतं, आणि लागलं ते एकदम कॉलरा लागावा तसं. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या माळ्यावरून तो गंजके सांगाडे उचलून आणी. सायकल जुनी म्हणायची तर गिअरचे दांडे खालच्या नळीवरच हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या वरून कमानीसारख्या बाहेर निघाल्याच पाहिजेत, पाय पॅडलला पट्ट्यांनी बांधायचे. कोणता गंज घासून काढायचा आणि कोणता ठेवायचा, यावर ही माणसं बारमध्ये दोन दोन तास भांडत. आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या लोकरीच्या जर्सी चढवून सगळे खडीच्या रस्त्यानं डोंगर चढत, पलीकडे उतरत आणि संध्याकाळी धुळीनं माखून परतत. त्याला गाव 'धुळीची फेरी' म्हणे.

जुनी सायकल म्हटली की शिवलेलं टायर आलं, आणि शिवलेलं टायर म्हटलं की ओनेलिया आली. डबा कपाटावरून खाली उतरला.

तिनं थांबायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दारिओ गेला तेव्हा केला. वास्को चेस्टनटचा केक घेऊन आला आणि कोपऱ्यात टायरांची पिशवी ठेवून गेला. अंगठा अडायला लागला तेव्हा परत केला. वास्कोनं दुकानातलं भारीपैकी मलम आणलं, सोबत पिशवी होतीच.

"तुम्ही थांबलात तर आम्ही सायकली भिंतीला टांगायच्या का, ओनेलियाबाई?"

"टांगा. झुरळं बसतील त्यांच्यावर."

"अहो, तुमच्या टाक्यासारखा टाका सगळ्या इटलीत कुणी घालत नाही. लोण्यावरून चालल्यासारखं चालतं टायर."

यावर काय बोलणार? आपल्या नकारानं पाच-सहा मोठी माणसं पोरकी होतील, असं तिला खरंच वाटे. ती पिशवी ठेवून घेई.

या सगळ्यांत एकटा आन्सेल्मो तेवढा कटकट्या. हा एकोणऐंशीचा, उभा जन्म फरशांच्या कारखान्यात गेलेला. बाविसाव्या वर्षी घेतलेली सायकल अजून चालवायचा. तिला जुनी म्हटलेलं त्याला चालत नसे. "जुनी कसली? माझी आहे," म्हणायचा. तो केक आणत नसे आणि लोण्याची उपमा देत नसे. टायर टेबलावर आपटायचा आणि सुरू व्हायचा.

"डावीकडे उडतंय, ओनेलिया. टाका ओढलास तू."

"टायर नाही उडत. तुझं माकडहाड उडतंय. वय काय तुझं?"

"माकडहाड तीन वर्षांपूर्वीही हेच होतं. तेव्हा नव्हतं उडत."

"मग जा दुसरीकडे!"

"जातो," असं म्हणून तो टायर तिथंच ठेवून जायचा. गेली दोन वर्षं हे दर खेपेला चाललं होतं. तो गेला की ओनेलिया तासभर धुसफुसत बसे, आणि त्याचंच टायर सगळ्यांत शेवटी हातात घेई.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बोटांना भोकं कळतात, डोळ्यांचं काय काम, असं ती स्वतःला समजावी. या वर्षी फेरीच्या आधीच्या बुधवारी वास्कोनं आपली पिशवी टेबलावर ठेवली ती नेमकी डब्यांवर, आणि दोऱ्याची रिळं, बटणं, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, सगळं जमिनीवर सांडलं. दोघांनी मिळून गोळा केलं. त्यानंतरच्या तीन दिवसांत तिनं सहा जणांची टायरं शिवली. रात्रभर हवा भरून ठेवली, पाण्यात बुडवून पाहिली. एकही बुडबुडा नाही. शनिवारी सगळे येऊन घेऊन गेले.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेला निघताना तिच्या कोटाचं बटण लोंबत होतं. तिनं बटणांचा डबा उघडला, गाद्या शिवायचा जाड सुती दोरा घेतला, बटण लावलं आणि सवयीनं दातांनी दोरा तोडायला गेली. दोरा तुटेना. दुसऱ्या बाजूच्या दातांनी ओढून पाहिला, तरी तुटेना. ओठाला मेण लागलं.

ती तशीच उभी राहिली. मग कामाच्या टेबलाशी गेली आणि तिथल्या रिळाचा दोरा दातात धरला. तो पहिल्याच झटक्याला तुटला.

बुधवारी रिळांची अदलाबदल झाली होती. गाद्यांचा दोरा टायरांना गेला होता. सहा जणांच्या.

एका रात्रीची हवा तो सोसतो. सपाट रस्ताही सोसेल. पण डोंगरापलीकडच्या उतारावर दोन कोस ब्रेक दाबून यावं लागतं. रिम हात लावू देत नाही इतकं तापतं, खालून खडी आदळत असते. तिथं शिवण उकलली की टायर रिमवरून सुटतं, आणि त्या वळणांवर कठडे नाहीत. हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. फेरी आठला निघायची होती. घड्याळात आठला वीस मिनिटं होती.

ती प्रार्थनेला गेली नाही. चौकाकडे चालत सुटली, आणि चालता चालता तिला दिसत होतं की हे बोलून दाखवलं की संपलं. अठ्ठेचाळीस वर्षांत तिचं एकही टायर तिच्या चुकीनं फुटलं नव्हतं, निदान कुणी तसं म्हटलं नव्हतं. थांबायचं होतं तिला, देव जाणे किती वर्षं थांबायचं होतं, पण असं नव्हे. गावानं म्हातारीच्या हातून सुई काढून घेतली, असं नव्हे. लाजेनं तिचे कान तापले होते. पाय मात्र थांबले नाहीत.

चौकात दीडशे माणसं सायकली धरून उभी होती. सकाळी सकाळी लाल वाईन आणि चरबी लावलेल्या गरम पोळ्या चालल्या होत्या. चर्चच्या पायरीवर वास्को ध्वनिक्षेपकातून सूचना देत होता. ओनेलियानं त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"वास्को. लोरिस. इवानो. तुल्लियो. बाल्देल्ली. आन्सेल्मो," ती म्हणाली. धाप लागली होती, ती सगळ्या चौकाला ऐकू गेली. "तुम्ही सहा जणांनी निघायचं नाही. मी चुकीचा दोरा घातलाय. मला दिसत नाही नीट. उतारावर शिवण उकलेल आणि तुम्ही दरीत जाल. टायरं काढा."



सायकलवाल्याला त्याच्या टायरात काही आहे असं म्हणावं, तर तो बोहल्यावरसुद्धा खाली वाकून बघेल. ओनेलियाची उभी हयात या माणसांत गेली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. लोरिस इवानोकडे बघत होता. इवानो आभाळाकडे बघत होता. बाल्देल्ली बुटाची नाडी बांधू लागला. आपल्या चाकाकडे एकानंही पाहिलं नाही.

फक्त पलीकडे कारंज्यापाशी आन्सेल्मोनं सायकल उलटी केली होती आणि तो अंगठ्यानं टायर दाबत होता.

"वास्को," ती माइक खाली घेऊन म्हणाली, "चाकाकडे बघ तुझ्या."

"बघतो की. तुम्ही आधी बसा, पाणी घ्या..."

"आत्ता बघ."

वास्कोचा चेहरा उतरला. "त्यावर तुमचं टायर नाहीये, ओनेलियाबाई."

"मग कुणाचं आहे?"

"नवं आहे. कंपनीचं. आम्हा पाचही जणांचं." तो भराभर बोलू लागला. "दोन वर्षांपूर्वी लोरिसचं उकललं होतं. फार नाही लागलं, गुडघे फुटले फक्त. पण तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही खचला असतात. दारिओ गेल्यापासून तेवढंच तर आहे तुम्हाला. म्हटलं, येऊ दे टायरं, बाईचा वेळ जातो."

"वेळ जातो," ओनेलिया म्हणाली.

"आम्ही तुमच्यासाठीच..."

"आणि मी शिवलेली?"

"गॅरेजात आहेत. सगळी जपून ठेवलीत, शपथ."

तिनं जरा विचार केला. "गॅरेजातली टायरं पंक्चर कशी होतात रे?"

लोरिस मान खाली घालून म्हणाला, "टाचणीनं."

अलीकडे भोकं फार बारीक येतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. रस्ते सुधारले असतील, असं तिला वाटलं होतं. ठणकणारा अंगठा अंगुस्तानात कोंबून, मोतीबिंदूचा डोळा मिचकावून, या बाप्यांना वाईट वाटू नये म्हणून तिनं ती टाचणीची भोकं बुजवली होती. आणि ते भोसकत होते, तिला वाईट वाटू नये म्हणून.

"मेल्यांनो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मला दिवसभर हात शेकत बसावं लागतं. रुमालाची गाठ मारता येत नाही मला. आणि तुम्ही टाचण्या टोचत होतात?"

वास्कोच्या डोळ्यांत पाणी आलं. ओनेलियाला त्याचं पाणी बघायचं नव्हतं. त्याची समजूत काढायचं कामही आता तिच्याच गळ्यात पडेल, या कल्पनेनंच तिला थकवा आला. माइक त्याच्या हातात कोंबून ती कारंज्याकडे गेली.

आन्सेल्मोनं पुढचं टायर रिमवरून अर्धं ओढून काढलं होतं. पट्टी सुटली होती आणि पहिले तीन टाके आत्ताच विरले होते.

"उतारापर्यंतही गेलं नसतं हे," तो म्हणाला.

ती कारंज्याच्या कठड्यावर बसली. "माझ्या टायरांवर तू एकटाच होतास?"

"त्यांचं मला काय माहीत? मला ते बोलावत नाहीत. मी त्यांना कटकट्या वाटतो."

"तुझ्यापण टायराला टाचणी...?"

"मी कशाला माझं टायर भोसकू? खिळे होते ते. तेविसाव्या किलोमीटरच्या वळणाला एक सुतार राहतो, हरामखोर आहे." त्यानं टायर पूर्ण सोडवून घेतलं. "दोन वर्षं सांगतोय, उडतंय, टाका ओढतेस. तू म्हणतेस माकडहाड."

"मग का लावत राहिलास?"

आन्सेल्मोला प्रश्नच कळला नाही. "टायर आहे म्हणून. टायर लावतात चाकाला."

इवानो मान खाली घालून आला. आपल्या सीटखाली बांधलेलं जादा टायर सोडून त्यानं पुढे धरलं. नवं कोरं होतं. आन्सेल्मोनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो परत कामाला लागला. इवानो टायर घेऊन परत गेला. तिकडे वास्कोनं कसाबसा इशारा दिला. सायकली निघाल्या, पहिली तुकडी धूळ उडवत चौकाबाहेर पडली, मग दुसरी. जाणारे ओनेलियाकडे बघणं टाळत होते.

आन्सेल्मो निघाला नाही. त्यानं फाटलेलं टायर गुंडाळलं आणि सवयीनं तिच्यापुढे धरलं. ओनेलियाचा हात सवयीनं पुढे आला. मग दोघंही तशीच राहिली, टायर मध्ये.

"मी दमलेय, आन्सेल्मो," ती म्हणाली. "फार वर्षं झाली. मी नुसती दमलेय."

"दिसतंय की ते," तो म्हणाला. "टाक्यांतच दिसत होतं." त्यानं टायर मागे घेतलं, कारंज्यामागच्या कचऱ्याच्या पिंपाचं झाकण उघडलं आणि आत टाकलं. "थांब मग."

ओनेलिया पिंपाकडे बघत राहिली.

"थांबले," ती म्हणाली.