झोळी हलली की लाइट जायची

ती दुपार आजपण आठवली की हात आपोआप बाळाकडं जातो माझा. निघोज्यात आम्ही भाड्यानं राहतो, हे चाकणला कंपनीत, अन् घरमालक म्हणजे रिटायर झालेले फौजदार, सगळे साहेबकाका म्हणतात त्यांना. आमच्या तीन खोल्यांना मिळून काकांनी मीटरपाशी एक वेगळाच स्विच बसवलेला, अन् तो दुपारचा सारखा पडायचा. पडला की तिन्ही खोल्यांची लाइट गुल.

शेजारच्या ताईनं काकांना टीप दिली, "ती चोरून विजेची शेगडी लावती. माझी सिरियल रोज अर्ध्यात जाती!"

झालं, काका दारात. खुर्ची घेऊन बसले अन् चौकशी सुरू. मी बाळाला कडेवर घेऊन ह्यांना फोन लावत होते, हे उचलंनात.

"खरं सांग पोरी, शेगडी कुठं हाय?"

"नाही हो काका, देवाशपथ! मोरीत बघा, पलंगाखाली बघा!"

काकांनी खरंच बघितलं. पिठाचा डबासुद्धा उघडला.

"लपवली असंल," ताई दारातून.

"उद्या हा स्विच काढून साधाच लावतो," काका म्हणाले, "अन् तू दुसरी खोली बघ."

मला रडूच फुटलं. एवढंसं बाळ घेऊन कुठं जायचं, कोण खोली देणार लगेच?

काका परत खुर्चीत बसले. "स्विच पडतो तवा तू काय करत असतीस?"

"काही नाही हो, ह्याला झोपवत असते. झोळीत."

"आत्ता झोपव."

"जागाय की तो!"

"त्याला न्हाई. उशीला झोपव."

मी झोळीत उशी टाकली, दोरी ओढली. "अंगाई पण म्हण की," ताई खी खी हसायली. तेवढ्यात खट्! पंखा बंद. काकांनी स्विच वर केला. झोळी गप, तर सगळं चालू. हलवली की खट्! परत तेच. ताईचं हसणं बंद.

काकांनी तिथल्या तिथं वायरमन बोलावला. त्यानं हुकापाशी भिंत फोडून बघितली. झोळीचा हूक ह्यांनीच भिंतीत ठोकलेला, तो थेट आतल्या वायरींच्या पाइपात घुसलेला. पंख्याची वायर अर्धी तुटलेली, भोवती सगळं काळं, वितळलेलं.

"काका, हा स्विच वायरीत ठिणगी उडाली की पडतो," वायरमन म्हणाला. "साधा पडलाच नसता. भिंतीत आतल्या आत पेटलं असतं."

भिंतीत म्हणजे माझ्या बाळाच्या उशाशी! मी बाळाला घट्ट छातीशी धरलं.

काका उठले, ताईला म्हणाले, "घावला चोर. अन् स्विच काढायचा न्हाई, माझ्या सगळ्या खोल्यांना असाच लावायचा." मग माझ्याकडं वळले, "खोली तुझीच हाय, पोरी."

मला त्यातनं एकच कळलं, कितीबी भ्या वाटलं तरी बोलायचं. झोळीचं तोंडातनं निघालं नसतं तर दुसऱ्या दिवशी साधा स्विच लागला असता.

आता झोळी लोखंडी स्टँडला आहे. अन् कधी स्विच पडलाच तर सिरियल सोडून ताईच आधी ओरडत येती, "अगं, बाळ कुठंय? उचल आधी!"