काटाघरात उघडी राहिलेली ऑर्डर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या डिस्पॅचच्या दीदीच्या माथी बसलेली चूक माझी होती, आणि हे मला त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत कळलं होतं.

बीरगांवजवळच्या एका सळ्यांच्या कारखान्यात मी सॉफ्टवेअर सांभाळतो. लॉगिन मोजकेच घेतलेले. दीदी सगळ्यांच्या आधी येते, म्हणून तिच्याच नावाने आत शिरून सगळी टेबलं काम करायची. भरलेल्या गाड्यांचं वजन होतं त्या काटाघरातला कॉम्प्युटरसुद्धा. ही सोय मीच लावून दिली होती.

त्या दुपारी काटाघरातून फोन आला की एका ऑर्डरवर गाडीचा नंबर चुकलाय. मी खाली जाऊन ऑर्डर दुरुस्तीला उघडली. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी वर बोलावलं, त्यांचा प्रिंटर अडला होता. मी तसाच उठलो. एकाने ऑर्डर उघडली की ती बंद करेपर्यंत सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नाही, हे इतरांना शिकवणारा माणूस मी.

प्रिंटर सुरू होईस्तोवर गेटवर आरडाओरड. गाडी भरून उभी, गेटपास निघत नाही. पडद्यावर सारखं तेच येत होतं, ऑर्डर दुसऱ्याकडे उघडी आहे. मी आधी नेटवर्क तपासलं, मग सगळ्यांना मशीन बंद-चालू करायला लावल्या. काटाघर आठवलंच नाही. शेवटी अडकलेल्या ऑर्डरींची यादी उघडली. तिथे दीदीचं नाव होतं, आणि नावापुढे मशीन लिहिलेली: काटाघर.

त्या मशीनवरून मीच उठून आलो होतो. मॅनेजरसाहेब माझ्या मागे उभे होते. त्यांनी फक्त नाव पाहिलं.

"किसका नाम है?"

"दीदी का," मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मी ती नोंद पुसली, गेटपास निघाला. पण तोवर शहरात जड गाड्यांची नो एंट्री लागली. गाडी वाटेतच, भनपुरीत अडकली आणि गिऱ्हाइकाची त्या दिवशीची ढलाई, म्हणजे स्लॅब ओतायचं काम, राहिली. कुणावर तरी येणारच होतं.

साहेबांची बोलणी खाऊन दीदी त्यांच्या केबिनबाहेर आली आणि माझ्यापाशी थांबली. "भाऊ, मी तर जेवून राहिली होती. डबा उघडला होता, ऑर्डर नाही." हसायचा प्रयत्न केला तिने. मग माझं तोंड पाहून म्हणाली, "असंल. मीच विसरली असन. तुमी तर यादीत पाहिलं ना?"

"हव," मी म्हणालो.

डिस्पॅचची इंचार्ज ती होणार, हे ठरल्यात जमा होतं. खुर्ची दुसऱ्याला गेली. तो राग तिने धरला नाही. तिने धरली ती वेगळीच गोष्ट. पाणी प्यायला उठली तरी आधी पडदा बंद करते, दोन पावलं जाते, परत येऊन बघते. नव्या पोरींना सांगते, "बंद करून उठत जा वो, नाही तं माझ्यासारखं होईल." मी पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून बसलेला असतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन मी नंतर मागून घेतलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, तिनेही.

आता ती खुर्ची पुन्हा रिकामी झाली आहे. परवा साहेबांनी तिलाच विचारलं. ती नको म्हणाली. चहाच्या टपरीवर मी कारण विचारलं.

"माह्या डोक्याचा भरोसा नाही, भाऊ. गॅस बंद केला का नाही, पाहाले रस्त्यातून घरी परत जाते. पोट्टी म्हणते, मम्मी, डॉक्टर को दिखाओ."

"कधीपासून?"

"त्या गाडीपासूनच, समजा."

माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. मला वाटत होतं, मी तिची बढती घेतली. मी तिचा स्वतःवरचा भरवसा घेतला होता, आणि ती माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा फोडून राहिली होती. तेव्हाही मी बोललो नाही.

साहेब शनिवारी दुसऱ्या कुणाचं तरी नाव पक्कं करतील. त्याआधी, त्यांच्यासमोर, मला तिला सांगायचं आहे की त्या दिवशी ती काहीच विसरली नव्हती. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.